हमरस्त्यावरचा संशय आणि कायदेमंडळाचे कर्तव्य



ज्या विधिज्ञांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांचे बहुतेक आयुष्य फौजदारी न्यायालयांत, आणि तेही ज्यांना वकील देण्याची ऐपत नाही अशा आरोपींच्या बचावात गेले. तेव्हा मी निवडलेला विषय दूरदेशीचा असला तरी त्यांना तो परका वाटला नसता, अशी माझी श्रद्धा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रस्त्यावरची मोटार थांबविताना चालकाच्या वर्णावरून संशय धरण्याची जी वहिवाट पोलिसांत पडली, आणि जिला तिकडे ‘रेशियल प्रोफायलिंग’ असे म्हणतात, तिला आवर घालणारे कायदे तेथील काही राज्यांनी केले, एका राज्याने आपल्याच एका शहराने केलेला कायदा मोडून काढला, आणि मध्यवर्ती काँग्रेसपुढे तसा मसुदा पाव शतकाहून अधिक काळ ताटकळत पडला आहे. या कायद्यांचा मी निःसंदिग्ध पुरस्कर्ता आहे. तो का आहे, आणि त्यांतले कोणते कलम मला खरे कामाचे वाटते, हे सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम एक खटला. १९९३ च्या जून महिन्यात वॉशिंग्टन शहरात, अमली पदार्थांच्या व्यापाराविषयी बदलौकिक असलेल्या एका वस्तीतून साध्या वेषातले पोलीस अंमलदार बिनखुणेच्या मोटारीतून गस्त घालीत होते. चौकातील थांब्याच्या पाटीजवळ एक गाडी वीस सेकंदांहून अधिक वेळ उभी असलेली त्यांना दिसली. आत दोन तरुण कृष्णवर्णीय होते आणि चालक शेजाऱ्याच्या मांडीकडे पाहत होता. पोलिसांनी आपली मोटार वळविली, तशी ती गाडी इशाऱ्याचा दिवा न लावता उजवीकडे वळून वेगाने निघाली. पुढच्या सिग्नलपाशी पोलिसांनी तिला गाठले, आणि आत डोकावताच कोकेनच्या पिशव्या दिसल्या. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, साध्या वेषातील आणि बिनखुणेच्या गाडीतील अंमलदारांनी, तातडीचा धोका असल्याखेरीज, वाहतुकीच्या गुन्ह्यांची अंमलबजावणी करू नये असा त्या पोलीस खात्याचाच नियम होता. म्हणजे इशाऱ्याचा दिवा हे निमित्त होते; संशय आधीचा होता.

‘व्रेन विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ साली न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी एकमताचा निकाल लिहिला. वाहतुकीचा कोणताही नियम मोडल्याचे सबळ कारण पोलिसाला दिसले असेल, तर गाडी थांबविण्याच्या कृतीची वैधता ठरविताना त्याच्या मनातला हेतू पाहण्याचे, अवाजवी झडती व अटकाव यांपासून संरक्षण देणाऱ्या, घटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली कारण नाही, असे त्यात ठरले. वर्णावरून भेदभाव झाला असेल तर त्याची दाद समान संरक्षणाच्या तत्त्वाखाली मागावी, असेही न्यायालयाने सांगितले. पण त्याच्या आदल्याच महिन्यात, ‘आर्मस्ट्राँग’ खटल्यात, त्याच न्यायालयाने वर्णभेदाने खटला भरल्याची तक्रार करणाऱ्या आरोपीला सरकारी दफ्तर पाहायला मिळण्यासाठीसुद्धा अशी अट घातली होती की, त्याच परिस्थितीतील अन्य वर्णाच्या माणसांवर खटले भरलेले नाहीत, हे त्याने आधी दाखवून द्यावे. ज्या माणसाला रस्त्यावर थांबविले, त्याला, ज्यांना थांबविले नाही अशा हजारोंची माहिती कोठून मिळावी? नोंदच जेथे ठेवली जात नव्हती, तेथे पुरावा कोठून यायचा? न्यायालयाने दाखविलेली वाट कागदावर होती, व्यवहारात नव्हती.

हा निकाल एकटा असता तर त्याची झळ एवढी पोहोचली नसती. वाहतुकीचे कायदे तेथे इतके बारीक आहेत की, घरापासून कचेरीपर्यंत मोटार चालविणारा सज्जन मनुष्यही त्यांतले एखादे कलम मोडल्याशिवाय पोहोचणे कठीण: वळणाआधी किती फुटांवर इशारा द्यावा, नंबरपट्टीवर चौकट कोणती असावी, काच किती काळी असावी, आरशाला काय टांगावे. एकदा गाडी थांबली की चालकाला खाली उतरण्याचा हुकूम देता येतो असे १९७७ साली ठरले, सोबतच्या प्रवाशांनाही देता येतो असे १९९७ साली ठरले, तुम्ही आता जायला मोकळे आहात हे न सांगताच झडतीची परवानगी मागता येते असे १९९६ साली ठरले, आणि ज्या गुन्ह्याला फार तर पन्नास डॉलर दंड आहे अशा, पट्टा न बांधण्याच्या कसुरीसाठी एका आईला तिच्या मुलांदेखत बेड्या घालून नेले तरी घटनाभंग होत नाही, असे २००१ साली ठरले. यांतला एकेक निकाल सुटा वाचला तर त्यामागे काही युक्तिवाद आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ते एकापाठोपाठ एक रचले गेल्यावर रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या नागरिकाच्या हाती काय उरते, याचा विचार त्या निकालांपैकी कोणत्याही एकाला करावा लागला नाही. तो विचार करणे हे कायदेमंडळाचे काम आहे.

हे अधिकार कोणाविरुद्ध वापरले गेले? १९८४ साली मध्यवर्ती अमली पदार्थ खात्याने ‘ऑपरेशन पाइपलाइन’ नावाची मोहीम सुरू केली आणि देशभरच्या हमरस्त्यांवरील पोलिसांना संशयित कसा ओळखावा, याचे शिक्षण दिले. त्या शिक्षणाचे फळ मेरीलंड राज्यात १९९२ च्या मे महिन्यात एका घराण्याच्या वाट्याला आले. रॉबर्ट विल्किन्स हे हार्वर्डचे पदवीधर, गरीब आरोपींची बाजू मांडणारे सरकारी वकील. आजोबांच्या अंत्यविधीहून, शिकागोकडून, नातलगांसह भाड्याच्या मोटारीने रातोरात परत येत होते. पहाटे कंबरलँड गावाजवळ शिपायाने वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल गाडी थांबविली आणि झडतीसाठी संमतीच्या कागदावर सही मागितली. विल्किन्स यांनी नकार दिला. केवळ अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा येईपर्यंत आम्हाला अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला देऊन त्यांनी सांगितले. उपयोग झाला नाही. शोकाहून परतणारे ते कुटुंब पावसात रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि कुत्रा गाडीभोवती हुंगत फिरला. काही सापडले नाही. वेगाचे चलान देऊन त्यांना जाऊ दिले.

पुढे फिर्याद झाली, तेव्हा त्या टापूत कोकेनची ने-आण करणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय असतात असे बजावणारा पोलिसांचा अंतर्गत कागदच हाती लागला. १९९५ च्या तडजोडीत मेरीलंडच्या पोलिसांनी झडत्यांची नोंद ठेवण्याचे कबूल केले, आणि या एका कबुलीचे महत्त्व मला विल्किन्स यांना मिळालेल्या भरपाईपेक्षा कितीतरी मोठे वाटते. कारण त्या नोंदीवरून मानसशास्त्रज्ञ जॉन लँबर्थ यांना मोजमाप करता आले. बाल्टिमोरच्या उत्तरेस आंतरराज्य मार्ग ९५ वर मोटारी हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. ज्यांची झडती झाली त्यांत ते ७० टक्क्यांहून अधिक होते. आणि झडतीत माल सापडण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत व गोऱ्यांत जवळजवळ सारखेच निघाले. या शेवटच्या वाक्यात सगळ्या वादाचा निकाल आहे. गुन्हा त्यांच्यात अधिक म्हणून झडती अधिक, हे समर्थन त्याने पार कोसळते. विल्किन्स पुढे वॉशिंग्टनच्या वरिष्ठ मध्यवर्ती न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

नोंदी वाढल्या तसे पुरावेही वाढले. मिसूरी राज्यातील फर्ग्युसन गावाची चौकशी मध्यवर्ती न्याय खात्याने केली, तिचा अहवाल २०१५ साली बाहेर आला: वस्तीत कृष्णवर्णीय ६७ टक्के, थांबविलेल्या मोटारींत ८५ टक्के, अटकांत ९३ टक्के, आणि झडती त्यांची दुपटीहून अधिक होत असूनही माल सापडण्याचे प्रमाण मात्र गोऱ्यांपेक्षा कमी. त्या गावी दंडाची वसुली हा नगरपालिकेच्या जमाखर्चाचा आधार झाला होता, हेही अहवालाने उघड केले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी गाड्या थांबविल्याच्या सुमारे दहा कोटी नोंदी तपासून २०२० साली जे दाखविले, ते मला बुद्धीला अतिशय समाधान देणारे वाटते. ऋतुमानाप्रमाणे संध्याकाळी सातची वेळ कधी उजेडाची असते, कधी अंधाराची. घड्याळ तेच, रस्ता तोच, वर्दळ तीच. फरक एवढाच की अंधारात चालकाचा चेहरा दिसत नाही. आणि अंधार पडला की थांबविलेल्यांतील कृष्णवर्णीयांचा हिस्सा घटतो.

कॅन्सस शहराच्या परिसरात चार्ल्स एप व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून आणखी एक भेद पुढे आला, आणि माझे आजचे प्रतिपादन मुख्यत्वे त्यावर उभे आहे. पोलीस दोन प्रकारांनी गाडी थांबवितात. बेफाम वेग, लाल दिवा तोडणे, मद्यपान अशा उघड धोक्यासाठी थांबविलेल्यांत वर्णभेद फारसा आढळत नाही. मागचा एक दिवा बंद, काच काळी, परवान्याची चिकटपट्टी जुनी असली निमित्ते धरून, आत काय आहे हे पाहण्यासाठी ज्या गाड्या थांबविल्या जातात, त्यांत तो भेद फार मोठा आहे. त्याच अंमलदारांच्या हातून, त्याच रस्त्यांवर! यावरून असे दिसते की दोष प्रत्येक शिपायाच्या अंतःकरणात शोधण्यापेक्षा, ज्या कामावर त्याला पाठविले त्या कामात शोधणे अधिक फलदायी आहे. २०२३ च्या जानेवारीत मेम्फिस शहरात टायर निकोल्स या तरुणाला गाडी थांबवून पोलिसांनी इतके मारले की तीन दिवसांनी तो गतप्राण झाला. त्या मारहाणीबद्दल ज्या पाच अंमलदारांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला, ते पाचही कृष्णवर्णीय होते. वर्णद्वेषी शिपाई हुडकून बडतर्फ केला की काम झाले, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

आणि फिलँडो कॅस्टील. मिनेसोटातील सेंट पॉल शहराच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाची व्यवस्था पाहणारा हा मनुष्य. २०१६ च्या जुलै महिन्यात त्याला थांबविण्याचे तोंडी कारण दिव्याचे दिले गेले. खरे कारण, त्याचे नाक एका दरोड्यातील संशयितासारखे रुंद दिसले, हे होते. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. माझ्याजवळ परवान्याचे पिस्तूल आहे, असे त्याने आपण होऊन सांगितले, आणि काही क्षणांत अंमलदाराने त्याला गोळ्या घातल्या. पुढे पंचांनी त्या अंमलदाराला निर्दोष सोडले. कॅस्टीलला त्याआधी सुमारे चौदा वर्षांत किमान ४६ वेळा थांबविले होते, बहुधा अशाच किरकोळ कारणांसाठी. दंड थकला की परवाना निलंबित, निलंबित परवान्यावर गाडी चालविली की पुन्हा दंड, अशी ती साखळी होती. कामावर जाण्यासाठी गाडीवाचून दुसरे साधन नाही अशा देशात गरिबाला ही साखळी तोडता येत नाही.

आता कायद्यांकडे वळतो. १९९७ साली जॉन कॉन्यर्स यांनी केवळ गाड्या थांबविल्याची आकडेवारी गोळा करण्याचे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले. कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केले आणि सिनेटमध्ये ते निमाले. २००१ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी काँग्रेससमोर ही प्रथा अन्याय्य आहे व ती संपविली जाईल असे सांगितले, आणि त्याच वर्षी कॉन्यर्स व फाइनगोल्ड यांनी बंदीचे विधेयक आणले. ते तेव्हापासून पुनःपुन्हा मांडले जाते आणि पुनःपुन्हा रखडते. राज्यांनी मात्र वाट पाहिली नाही. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९ साली नोंदीची सक्ती केली. इलिनॉयमध्ये २००३ चा कायदा ज्यांनी पुढाकार घेऊन करविला, ते तेव्हा राज्याच्या सिनेटचे सभासद असलेले बराक ओबामा. कॅलिफोर्नियाचा कायदा २०१५ चा. न्यू जर्सीत, टर्नपाइक या हमरस्त्यावर एका व्हॅनमधल्या निःशस्त्र तरुणांवर गोळीबार झाल्यावर, राज्याच्या महाधिवक्त्यांनीच १९९९ साली हा भेदभाव खरा आहे अशी कबुली दिली. आणि २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रास्त संशयाखेरीज मोटारचालकाकडे झडतीची संमतीसुद्धा मागण्यास मनाई केली.

या सर्व कलमांत, ‘पोलिसांनी वर्णावरून कृती करू नये’ असे नुसते फर्माविणारे कलम मला सर्वांत दुबळे वाटते. त्याने कायद्याची शोभा वाढते. रस्त्यावर काही बदलत नाही, कारण अंमलदाराच्या मनात शिरून हेतूची रुजुवात कोणी करायची? नोंदवहीचे कलम त्याहून पुष्कळ मोलाचे. परंतु खरा घाव घालते ते निमित्तच काढून घेणारे कलम. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २०२० साली तो धीर दाखविला. एक बंद दिवा, काळी काच, आरशाला लोंबकळणारी वस्तू, गांजाचा वास, एवढ्यावर गाडी थांबवू नये. आणि थांबविली, तर त्यातून मिळालेला कोणताही पुरावा, चालकाची संमती घेऊन मिळविलेलासुद्धा, न्यायालयात ग्राह्य नाही. या शेवटच्या शब्दांकडे फौजदारी वकिलांनी विशेष लक्ष द्यावे. हेतूची चौकशीच येथे आवश्यक राहत नाही. थांबवून काही हाती लागणार नसेल, तर थांबविण्याचा मोह आपोआप सुटतो. फिलाडेल्फियाने २०२१ साली, नगरसेवक आयझेया टॉमस यांच्या पुढाकाराने, आठ किरकोळ कसुरींबाबत असाच नियम केला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते सगळेच दुष्टबुद्धीचे नाहीत. गस्तीवरचा शिपाई सांगतो की किरकोळ कारणावरून थांबविलेल्या गाडीतच कधी पळवून नेलेले मूल सापडते, कधी चोरीचे पिस्तूल. सापडते, हे खरे. पण सापडण्याचे प्रमाण किती, आणि त्यासाठी किती हजार निरपराध माणसांना रस्त्याच्या कडेला उभे केले, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या यशाची किंमत ठरविता येत नाही. शिवाय प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिल शहराचे पोलीस प्रमुख हॅरल्ड मेडलॉक यांनी २०१३ ते २०१६ या काळात आपल्या माणसांना कागदपत्रांच्या व दिव्यांच्या कारणावरून गाड्या अडविण्यापेक्षा वेग आणि बेदरकारपणा यांवर लक्ष द्यायला लावले. अपघातांतील मृत्यू आणि दुखापती घटल्या, वर्णांमधील अंतर घटले, आणि इतर गुन्हे त्यामुळे वाढले असे आढळले नाही. बंद दिवा धोकादायक असतो, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर सोपे आहे. सूचना टपालाने पाठवावी. दिवा त्याने लवकर दुरुस्त होईल, दंडाने नव्हे.

मेम्फिसच्या नगरपरिषदेने टायर निकोल्सच्या नावाने २०२३ साली किरकोळ कसुरींसाठी गाडी अडविण्यास मनाई करणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी टेनेसी राज्याने, त्याच्या मातापित्यांचा विरोध असताना, तो निष्प्रभ करणारा कायदा मंजूर केला. ज्या नगरीत मुलगा मारला गेला, तिने आपल्या पोलिसांना कसे आवरावे हे तिला ठरवू न देणारी ही राज्यसत्ता कोणत्या न्यायाने वागली, ते मला अद्याप उमगलेले नाही.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा संबंध मी ओढूनताणून आणीत नाही, तो आहेच. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, तेव्हा त्याचे पहिले काम कोणते होते? पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांमागे जायचे, त्यांनी कोणाला थांबविले की कायदेशीर अंतर राखून उभे राहायचे, आणि थांबविलेल्या माणसाला त्याचे हक्क वाचून दाखवायचे. त्यांच्या एका हाती कायद्याचे पुस्तक असे आणि दुसऱ्या हाती, त्या काळच्या कायद्याला धरून, भरलेली बंदूक. सार्वजनिक ठिकाणी भरलेल्या बंदुका बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा त्या राज्याने १९६७ साली, म्हणजे वर्षाच्या आत केला; ज्या थांबविण्यामुळे ते तरुण रस्त्यावर आले, त्या थांबविण्याची नोंद ठेवण्याचा कायदा करायला त्याच राज्याला २०१५ साल उजाडावे लागले. त्या पक्षाचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने घेतले, तेव्हा नावाबरोबर पोलिसी जाचाचा तो अनुभवही इथल्या वस्त्यांना ओळखीचा वाटला होता. आणि जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा तर १८७१ चा संपूर्ण कायदाच आपल्याकडे होता. अशा जमातींसाठी उभारलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबांची हजेरी घेतली जाई. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे या सभागृहातल्या कोणालाही सांगायला नको. कायदा रद्द झाल्याने संशयाची सवय जात नाही. तिला बांध घालणारा दुसरा कायदा करावा लागतो. तसा कायदा आपण अद्याप केलेला नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज न्यू जर्सीत आहेत, टेक्सासमध्ये आहेत, रोज त्याच टर्नपाइकवरून कामाला जातात; त्यांच्यापैकी बरेच जण आता तेथील मतदार आहेत. निवडणुकीच्या काळात उमेदवार मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना येतात, हार घालून घेतात आणि सर्व वंशांच्या समतेविषयी बोलतात. तेव्हा त्यांना समतेविषयी न विचारता दोन गोष्टी विचाराव्यात, अशी माझी विनंती आपण त्या मुलांना कळवावी: एका बंद दिव्यासाठी गाडी अडविण्याचा पोलिसांचा अखत्यार काढून घेणाऱ्या कलमाला आपण मत द्याल काय, आणि तसे करूनही गाडी अडविली तर मिळालेला पुरावा अग्राह्य ठरविणाऱ्या उपकलमासकट द्याल काय.